त्यांना काम देऊ नका

“ताई, एखादं खुरपं द्या की,” तो माणूस म्हणाला.

मी मेथीच्या वाफ्यात बसून तण काढत होते. मान वर करून पाहिलं. साठीकडे झुकलेला, उंच, पांढरा शर्ट-पायजमा, खांद्यावर टॉवेल. शर्टाच्या बाह्या त्यानं आधीच कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. मळ्याचं फाटक स्वतःच उघडून आत आला होता आणि मागं वळून ते नीट लावूनही घेतलं होतं.

“पेशंट आहे का दवाखान्यात?” मी विचारलं.

“हाय की. बायको हाय. आल्यापासनं तुमच्याकडंच जेवायलोय. फुकटचं खायाला बरं वाटंना झालंय. काम सांगा कायतरी. हातपाय धड हायत अजून.”

मला त्याचं बोलणं आवडलं. हातातलं खुरपं मी पुढं केलंच होतं, तेवढ्यात मागून लोंढे सिस्टरांचा आवाज आला.

“देऊ नकोस, उज्ज्वला.”

सिस्टर नळाशी पालकाच्या जुड्या धूत होत्या. ओले हात पदराला पुसत त्या आमच्याजवळ आल्या आणि त्या माणसाकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

“नाव काय तुमचं?”

“चनाप्पा. चनाप्पा बिराजदार. जतकडचा हाय.”

“हे बघा चनाप्पा, आमच्याकडे नियम आहे. जे इथलं जेवतात त्यांनी इथं काम करायचं नाही. मग ती जेवणाची मजुरी होते. तुम्ही वर वॉर्डात जा. बायकोजवळ बसा.”

“बसून काय करू ओ?”

“काही करू नका. बसा.”

दुमडलेल्या बाह्या चनाप्पानं सावकाश सरळ केल्या, मनगटाची बटणं लावली.

“मग ऱ्हाऊ द्या सिस्टर. जेवन बी नगं मला,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. फाटक लावून तो निघून गेला आणि त्या दुपारी खरोखरच पंगतीला आला नाही.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मिरजेत त्या दवाखान्याच्या दारासमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. पेशंटचे नातेवाईक रिपोर्टांच्या प्रती काढायला यायचे. कर्नाटकातून, कोकणातून, कुठून कुठून आलेली माणसं. पेशंटला आत जेवण मिळायचं. पण त्याच्यासोबत आलेल्याचं काय? तो चहा-पावावर दिवस काढायचा. त्यांच्यासाठी लोंढे सिस्टरांनी जवळच्या धर्मशाळेत दुपारचं जेवण सुरू केलं होतं. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली ही बाई, लग्न केलेलं नाही, निवृत्तीनंतर घरी बसवेना. धान्य व्यापारी द्यायचे. भाजीसाठी बंद पडलेल्या एका वखारीची मोकळी जागा मालकानं वापरायला दिली होती. तोच आमचा मळा. सकाळी दीर दुकानात बसायचा, तेवढ्या वेळात मी मळ्यात जायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले हसबनीसकाका यायचे, आणखीही कोणी कोणी यायचं. काढलेली भाजी टोपल्यांतून धर्मशाळेत मुमताजभाभीकडे जायची. स्वयंपाक तिच्याकडे होता.

जेवण नाकारल्यावर दोन-तीन दिवसांनी चनाप्पा माझ्या दुकानात आला. रिपोर्टाची प्रत हवी होती. शर्टाच्या खिशात चुरमुऱ्याची पुडी होती.

“मामा, जेवलात का?” मी विचारलं.

“खाल्लं की चुरमुरं.”

मी माझा डबा पुढं सरकवला. त्यानं तो दोन बोटांनी तसाच परत ढकलला.

“ताई, राग मानू नगासा. जतच्या रस्त्याला माझं हॉटेल हाय. लहानच हाय, पण भाकरी गरम. ह्या हातानं आजवर लोकास्नी वाढलंय. एखाद्या डायवरकडं पैसं नसायचं, तरी मी त्याला उपाशी जाऊ दिला न्हाई. पण त्यो काय करायचा? जेवला की उठून चार भांडी विसळायचा. मी नगं म्हटलं तरी विसळायचा. मला त्याचं मन कळायचं. माझं मन सिस्टरास्नी का कळंना?”

मला तर त्याचंच पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मळ्यात गेल्या गेल्या मी सिस्टरांशी भांडायला उभी राहिले.

“तुमच्या नियमापायी तो माणूस उपाशी राहतोय, सिस्टर.”

सिस्टरांच्या हातातली जुडी तशीच राहिली. “जेवत नाही? अजिबात?”

“चुरमुरे खाऊन राहतोय. घेरी येऊन पडेल एखाद्या दिवशी.”

त्या बांधावर बसल्या. “मी बोलते त्याच्याशी,” एवढंच म्हणाल्या.

पण बोलणं झालंच नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि त्याच संध्याकाळी कोल्हापूरची भाची त्यांना न्यायला आली. जाताना रिक्षात बसून त्यांनी माझा हात धरला. “त्याला जेवायला घाल, कसंही कर. पण मळ्यात घेऊ नकोस.”

हे मी सकाळी हसबनीसकाकांना सांगितलं. ते चिडलेच.

“हा नियम ठरला कधी? मी पहिल्या दिवसापासून इथं आहे. मागच्या वर्षी ते उगार गावचे गृहस्थ टोमॅटोला काठ्या बांधत होते. तेही इथंच जेवायचे आणि काठ्या सिस्टरांनीच आणून दिल्या होत्या. वय झालं की माणूस हट्टी होतो, दुसरं काही नाही. बोलाव त्याला.”

मी बोलावलं. चनाप्पा आला, खुरपं घेतलं, दुपारी पंगतीला बसून पोटभर जेवला. मला फार बरं वाटलं.

त्याच्या येण्यानं मळ्याला जीव आला, हे मान्य करायला हवं. दोडक्याचे वेल जमिनीवर लोळत होते, त्यांना त्यानं वखारीतल्या जुन्या बांबूंचा मांडव घातला. तीन विटांवर पातेलं ठेवून सगळ्यांना चहा करून द्यायचा आणि तो कपात ओतायचासुद्धा हॉटेलवाल्याच्या थाटात, हात उंच नेऊन. हसबनीसकाकांना ‘साहेब, पेशल’ म्हणून कप द्यायचा. काका खूश. आम्ही येण्याआधी तो मळ्यात हजर असायचा आणि आम्ही गेल्यावरही मागं थांबायचा. एक काम संपत आलं की त्याची नजर पुढच्या कामावर जायची. काम नसेल तर तो ते काढायचा. एकदा तर त्यानं साफ केलेलाच वाफा पुन्हा उकरायला घेतला.

“मामा, बसा की जरा,” मी म्हणायचे.

“बसून अंग आखडतंय ताई.”

बायकोचं विचारलं की म्हणायचा, “हाय बरी.” आणि लगेच, “त्या शेवग्याला आळं करू का?”

एके दिवशी सकाळी दवाखान्यातली आया कुंपणाशी येऊन उभी राहिली. “ते सत्यव्वाचं माणूस हितंच हाय न्हवं? डॉक्टर बोलावत्यात. कालबी बोलावलं, परवाबी बोलावलं. घावतच न्हाईत.”

चनाप्पा पाटाच्या टोकाला उभा होता. त्याला ऐकू गेलं होतं, कारण त्यानं आमच्याकडे पाठ केली आणि फावड्यानं दुसऱ्या वाफ्याचं तोंड फोडलं.

“मामा, बोलावलंय तुम्हाला.”

“तुम्ही जावा की ताई. बायकांचा वॉर्ड हाय. मी एवढं पाणी पाजवून आलोच.”

वाफ्यात पाणी आधीच तुडुंब होतं. फावडं धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. मी हात धुतले आणि आयाबरोबर गेले.

सत्यव्वाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खिडकीजवळच्या खाटेवर ती पडली होती. अंगानं चिपाड झालेली, पण डोळे लखलखीत. मला पाहून तिनं ओळखलंच.

“तुम्हीच व्हय मळ्याच्या ताई? आमचं मालक लई नाव घेत्यात तुमचं. दोडका कसा चढला, वांगी किती लागली, समदं सांगत्यात. दारातनं.”

“दारातून?”

“आत कुठं येत्यात? तितं चौकटीला हात लावून हुभं ऱ्हात्यात. शहाळं आयाच्या हातात देत्यात. मग म्हणत्यात, जातो, मळ्यात काम पडलंय.” ती हसली आणि हसताना दुखलं म्हणून तिनं पोट धरलं.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. मला त्यांनी मुलगी समजलं. मी सांगितलं की मी मुलगी नाही, तेव्हा त्या घुटमळल्या. सत्यव्वाच म्हणाली, “सांगा डॉक्टरीणबाई. मला सांगितलंय, मग हिला सांगायला काय झालं?”

डॉक्टरांनी सांगितलं. पोट उघडलं तेव्हा गाठ सगळीकडे पसरलेली दिसली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, तसंच शिवून टाकलं. आता टाके भरले की घरी न्यायचं. दुखू नये म्हणून गोळ्या देतील. यजमानांना समोर बसवून हे सांगायचं होतं, पण ते सापडत नाहीत.

डॉक्टर गेल्यावर मी खाटेच्या कडेवर बसले. सत्यव्वाच बोलली.

“पोरी, माझं एक ऐकशील?”

“सांगा ना, अक्का.”

“त्यांना काम देऊ नका.”

“का, अक्का?”

“त्यांचा दोष न्हाई. आम्ही कधी असं समोरासमोर बसलोच न्हाई बघ. पोरबाळ न्हाई. पहाटं भट्टी पेटवायची ती रातीपर्यंत. मालक गिऱ्हाइकाकडं तोंड करून, मी चुलीकडं तोंड करून. पाठीला पाठ लावून जल्म गेला. काय बोलायचं, भांडायचं, ते तसंच. आता नुसतं तोंडाकडं बघत बसायचं म्हटल्यावर भ्यायल्यात ते.” तिनं जरा दम घेतला. “भ्या मला बी वाटतंय. पण मला उठून जाता येत न्हाई.”

मी मळ्यात परत आले. चनाप्पानं मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तो मांडवाच्या सुतळ्या सोडून पुन्हा घट्ट बांधत होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर परतल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायची मनाई. त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांचं न ऐकता चनाप्पाला मळ्यात घेतलं तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

“पहिल्या दिवशीच कळलं होतं मला,” त्या म्हणाल्या. “तो खुरपं मागायला आला तेव्हा काय वेळ होती? डॉक्टर राउंडला येतात ती वेळ. त्या वेळी नातेवाईक खाट सोडत नाही, उज्ज्वला. डॉक्टर काय सांगतील म्हणून लघवीलासुद्धा उठत नाही. आणि हा बाह्या सारून मळ्यात. इतकी वर्षं वॉर्डात काढली, अशी माणसं पुष्कळ बघितली. पुरुष जास्त. औषधं आणायला दहादा पळतील, रक्त देतील. पण जवळ बसा म्हटलं की पाय निघतो.”

“मग तसं सांगायचं ना मला! मी त्या नियमावरून तुमच्याशी भांडले.”

“नियम कसला? तेव्हाच्या तेव्हा सुचला तो मला. एका माणसाला भीती वाटतेय हे मी चारचौघांत कसं सांगू?” त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. “पण चुकले मी. तो जेवण सोडेल असं वाटलं नव्हतं. त्याला आणखी एक निमित्त मिळालं वॉर्डापासून लांब राहायचं. चल, उद्या बघू.”

सकाळी आम्ही दोघी मळ्यात गेलो. चनाप्पा आधीच आला होता. सिस्टरांना पाहून त्यानं फावडं खाली ठेवलं, पण बाह्या सरळ केल्या नाहीत.

“मामा, आज काम नाही तुम्हाला,” मी म्हटलं.

“का ओ? काय चुकलं माझं? सिस्टर आल्या म्हणून?”

“अक्कांनी सांगितलंय मला. त्यांना काम देऊ नका म्हणाल्या.”

त्याच्या तोंडावरचा राग क्षणात उतरला. तो बांधावर बसला.

“तिनं सांगितलं?”

“हो.”

“मग डॉक्टर काय म्हणाल्या ते बी तुम्हाला ठावं असंल.”

“आहे.”

“मला सांगू नगा.”

“मी नाही सांगणार. त्या सांगतील.”

त्यानं बांधावरचं एक ढेकूळ उचलून हातात फोडलं. मग हळूच म्हणाला, “मला जमत न्हाई, ताई. दारापातुर जातो. आत पाऊल टाकलं की हे हात कुठं ठेवू ते कळत न्हाई. तिच्याकडं बघितलं की तिला समजंल मला किती भ्या वाटतंय ते. मग ती मलाच धीर द्यायला लागंल. तिच्याच दुखण्यात तिनंच मला धीर द्यायचा, हे कसं दिसंल?”

सिस्टर काळ्या चष्म्याआडून वाफ्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “पोकळा तयार आहे ना?”

“आहे.”

“काढ. सगळा काढ.”

मी पोकळ्याची भाजी उपटून टोपली भरली. सिस्टरांनी ती चनाप्पाच्या पुढ्यात ठेवायला लावली.

“मुमताजला दुपारच्या भाजीला हा निवडून हवा आहे. एवढं काम तुम्हाला दिलं. पण इथं नाही करायचं. वॉर्डाच्या व्हरांड्यात करायचं. आणि एकट्यानं नाही होणार.”

चनाप्पा टोपलीकडे बघत राहिला. मग त्यानं ती उचलली.

वॉर्डातली मोठी नर्स एके काळी सिस्टरांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं भुवया उंचावल्या, पण खाट व्हरांड्यात ढकलायला स्वतः हात लावला. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. आम्ही सत्यव्वाला उशा लावून टेकवून बसवलं, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पोकळ्याचा ढीग टाकला. चनाप्पा तिच्या खाटेशी स्टुलावर बसला, पण तिरका, अर्धी पाठ तिच्याकडे करून.

“ह्ये काय ओ सिस्टर?” सत्यव्वा म्हणाली. “दवाखान्यात बी भाजी निवडायला लावताय व्हय?”

“लावतेय,” सिस्टर म्हणाल्या. “इथं फुकट कुणी जेवत नाही.”

सत्यव्वा खुदकन हसली. काडी काडी उचलून पानं खुडू लागली. सवयीचे हात, दुखण्यातही चालत होते. चनाप्पाही खुडू लागला. थोडा वेळ नुसता देठ मोडल्याचा आवाज येत राहिला.

“जून देठ घालायलायसा त्यात,” ती म्हणाली. “लोकास्नी काय गवत खायला घालणार?”

“कुठं घातलंय?”

“ह्ये काय. बघा की हिकडं.”

त्याला बघावं लागलं. तो स्टुलावर वळला आणि तिच्या हातातला देठ घ्यायला पुढं झुकला.

सिस्टरांनी माझा दंड धरला आणि आम्ही व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिलो. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ऐकायचंही नव्हतं. मध्येच वाऱ्यानं त्यांच्या घरच्या कानडीचे दोन-तीन शब्द आमच्यापर्यंत आले. बराच वेळ ती बोलत होती, तो मान हलवत होता. मग त्याची मान हलायची थांबली. एकदा त्यानं टॉवेलनं तोंड झाकलं. तिनं मांडीवरचा कागद बाजूला सारला आणि हात पुढं केला. भाजी अर्धीअधिक तशीच पडून होती.

तेवढ्यात जिन्यावरून मुमताजभाभी वर आली, धापा टाकत. “सिस्टर, पोकळा कुठाय? फोडणी करून बसलेय मी. पंगत बसायची वेळ झाली.”

सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खाटेकडे मान वळवली. भाभीनं बघितलं. पदर डोक्यावर सारखा करत ती हळू आवाजात म्हणाली, “मग काय वाढू आज?”

“आमटी-भात वाढ. भाजी नाही म्हणून सांग.”

त्यानंतर चनाप्पा मळ्यात आला तो एकदाच, निरोप घ्यायला. तोपर्यंत दुपारी पंगतीला येऊन जेवायचा, जेवून झालं की ताट उचलून ठेवायचा आणि सरळ वॉर्डात जायचा. टाके भरल्यावर तो सत्यव्वाला घेऊन गावी गेला.

पाडव्याच्या आसपास त्याच्या पुतण्याचा दुकानात फोन आला. सत्यव्वा गेली होती. दिवस झाल्यावर मी आणि सिस्टर एसटीनं त्यांच्या गावी गेलो. हॉटेल बंद होतं. चनाप्पा दारात घोंगडी टाकून बसला होता. आम्हाला पाहून उठला, पाणी दिलं आणि काही न विचारता आत जाऊन भाकऱ्या थापायला लागला. आम्ही नको म्हणणार होतो, पण सिस्टरांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. ताटं आली. आम्ही जेवलो. तो समोर बसून होता.

“फार त्रास झाला का हो शेवटी?” सिस्टरांनी विचारलं.

“न्हाई. गोळ्या होत्या. आदल्या दिवशी मीच भाकरी केली तिच्यासाठी. दुधात कुस्करून दिली. दोन घास खाल्लं.”

“काही बोलल्या का?”

“काय बोलायची?” त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिथंच थांबलं. “म्हणाली, भाकरी जाड झालीया. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली.”

सिस्टरांनी ताटातला शेवटचा तुकडा मोडला. चनाप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले आणि लहान पोरानं केलेलं काम दाखवावं तसा त्यांच्याकडे बघत म्हणाला, “मी हितंच होतो, सिस्टर. कुठं गेलो न्हाई.”